गंभीर मानसिक आजार असलेले मूल: उपचार, भरती आणि दाखला यांसाठी पालकांनी काय करावे

अठरा वर्षांखालील मुलाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा तीव्र नैराश्य असल्याचे निदान झाले की पालकांना सरकारी यंत्रणेकडे दोन वेगवेगळ्या कामांसाठी जावे लागते. उपचारांचे काम मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार चालते आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे काम दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार. ही कामे वेगवेगळ्या वाटांनी चालतात, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले तर बरेच हेलपाटे वाचतात. उपचार सुरू करण्यासाठी दाखला लागत नाही. दाखल्यासाठी मात्र उपचारांचे कागद लागतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या केसपेपरपासून प्रत्येक चिठ्ठी एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावी.

जिल्ह्यात सुरुवात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागापासून करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवाही तेथूनच मिळते. नेमके कुठे जावे हेच कळत नसेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विचारता येते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात मोफत उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असलेच पाहिजे, अशी अट नाही. खिडकीवर ‘कार्ड नाही तर पैसे भरा’ असे सांगितले गेल्यास ही तरतूद दाखवावी. आरोग्य विमा घेतलेला असेल, तर शारीरिक आजारांना ज्या आधारावर संरक्षण मिळते त्याच आधारावर ते मानसिक आजारांनाही देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे.

मुलाला रुग्णालयात भरती करण्याची प्रक्रिया कलम ८७ मध्ये दिली आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचे कायदेशीर पालक हेच त्याचे ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ (उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) मानले जातात, त्यामुळे भरतीचा अर्ज त्यांनीच प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. त्यानंतर दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा वैद्यकीय व्यवसायी, मुलाला स्वतंत्रपणे तपासतात. ही तपासणी भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली असावी लागते. आजार भरती करण्याइतका तीव्र आहे, भरती मुलाच्या हिताची आहे आणि रुग्णालयाबाहेरचे पर्याय निष्फळ ठरले आहेत किंवा उघडच अयोग्य आहेत, यावर दोघांचे एकमत झाले तरच भरती होते. मुलाला स्वतःची इच्छा सांगता येत असेल, तर तीही विचारात घ्यावी लागते.

भरतीनंतर मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवणे आणि प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्यासोबत राहणे कायद्याने आवश्यक आहे. मुलगी भरती असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला स्त्रीच नेमावी लागते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी मुलांसाठी स्वतंत्र सोय आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि सोबत कोण राहणार हे घरी ठरवूनच निघावे. नोकरी करणाऱ्या पालकांना ही अट सर्वांत जड जाते. रुग्णालयाने भरतीची माहिती ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारे, याच कायद्याखालील मंडळ) कळवायची असते, आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळ त्याचा आढावा घेते. पालकांनी संमती काढून घेतल्यास मुलाला सोडावे लागते. विद्युत उपचार (शॉक) अज्ञान मुलांना एरवी देता येत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाला ते आवश्यक वाटले तरी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. तक्रार असल्यास मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याला शुल्क नाही.

मूल स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करण्याच्या बेतात असेल, तर या सगळ्याची वाट पाहत बसू नये. कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर आपत्कालीन उपचार करू शकतो आणि जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेण्याची व्यवस्थाही त्यातच येते. हे उपचार जास्तीत जास्त ७२ तासांसाठी असतात, पुढे नेहमीची प्रक्रिया लागू होते.

आता दाखल्याविषयी. २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, मात्र बौद्धिक अक्षमता हा त्यात वेगळा प्रकार आहे. ही गल्लत कार्यालयांतही होते आणि ती महागात पडते, कारण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील पालकत्व आणि ‘निरामय’ आरोग्य विमा हे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांनाच मिळतात. केवळ मानसिक आजार असलेल्या मुलासाठी तेथे अर्ज करून महिने घालवू नयेत.

दाखल्याचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा असतो. मुलाचे छायाचित्र, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जोडावेत. मूळ प्रती तपासणीच्या दिवशी सोबत न्याव्यात. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवण्यासाठी ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरली जाते. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार क्षेत्रांत प्रत्येकी शून्य ते चार गुण दिले जातात, त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवले जातात. विद्यार्थ्याच्या बाबतीत ‘काम’ म्हणजे शिक्षण, त्यामुळे शाळेतील गैरहजेरीची नोंद, बुडालेली परीक्षा, मुख्याध्यापकांचे पत्र हे कागद औषधांच्या चिठ्ठ्यांइतकेच उपयोगी पडतात. तपासणीला नेताना मुलाला नीटनेटके करून, ‘शहाण्यासारखं बोल’ असे बजावून नेण्याची पालकांची सवय असते. ती समजण्यासारखी आहे, पण घरी तो आंघोळीला किती दिवस नकार देतो, एकटा किती बोलतो, हे डॉक्टरांना पालकांनीच सांगायला हवे.

टक्केवारी ४० किंवा अधिक भरली तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ मानले जाते. अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आजार कमी-जास्त होणारा असल्याने दाखला तात्पुरता मिळू शकतो. तसा मिळाल्यास मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवावी. अर्ज नाकारल्यास लेखी कारणे मिळाली पाहिजेत आणि त्याविरुद्ध अपील करता येते.

पालकांना सर्वांत अनपेक्षित ठरतो तो अठरावा वाढदिवस. त्या दिवसापासून भरती, उपचार आणि संमती यांबाबत मूल स्वतंत्र, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा, रुग्ण ठरते, अगदी त्या वेळी ते रुग्णालयात असले तरी. पालकांनी मुलाच्या वतीने केलेले आगाऊ निर्देश (कोणते उपचार हवेत किंवा नकोत हे आधीच लिहून ठेवलेले) तेव्हापर्यंतच चालतात. सज्ञान झाल्यावर त्याने कोऱ्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः नेमायचा असतो. तो आईलाच नेमेल असे गृहीत धरू नये. ही बोलणी सतराव्या वर्षी, मूल औषधांवर स्थिर असताना सुरू करावीत आणि कागद झाला की त्याची एक प्रत त्याच फाईलमध्ये, दुसरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे द्यावी.