एचआयव्ही अँटिबॉडी टेस्ट

एचआयव्ही अँटिबॉडी टेस्टमध्ये व्हायरस शोधत नाहीत, तो अंगात शिरल्यावर आपलं शरीर त्याच्याविरुद्ध ज्या अँटिबॉडीज म्हणजे प्रतिपिंडं तयार करतं ती शोधतात. रिपोर्ट वाचताना होणारे बरेचसे घोळ हे माहीत नसल्यामुळेच होतात.

या टेस्टची पहिली किट, एलायझा (अँटिबॉडी असेल तर रंग येतो अशी लॅबमधली पद्धत), अमेरिकेत १९८५ ला मंजूर झाली आणि लगेच १९८६ ला भारतातली पहिली केस सापडली, मद्रासला. तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, तिथल्याच मराठी कुटुंबातल्या) यांच्या सांगण्यावरून सेलप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्री करणाऱ्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा केले, मद्रासमध्ये टेस्टची सोय नव्हती म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) नेऊन तपासले. आपल्याकडे असलं काही नसतं असं तेव्हा भले भले म्हणायचे, त्यामुळे या दोघींचं मोल फार मोठं आहे.

एलायझात ९६ खळग्यांची प्लेट असते, खळग्यांना आतून व्हायरसची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यात सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी टाकलं की अँटिबॉडी असेल तर ती तिथे अडकते, मग धुऊन घेऊन एन्झाइम जोडलेलं रसायन घालतात, पुन्हा धुतात आणि शेवटच्या द्रावणाने रंग येतो. तो रंग किती गडद हे मशीन मोजतं, ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की ‘रिअॅक्टिव्ह’. धुणं नीट झालं नाही तरी खोटा रंग येऊ शकतो. रॅपिड किटमध्ये हेच काम साधारण अर्ध्या तासात होतं, काही किट तर चक्क कंगव्यासारख्या असतात, दात रक्तात बुडवायचे आणि ठिपका उमटतो का बघायचं. किट नीट चालतेय हे दाखवणारा कंट्रोलचा ठिपकाच आला नाही तर ती टेस्ट बाद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक टेस्ट रिअॅक्टिव्ह म्हणजे एचआयव्ही झाला असं नाही!! सरकारी आयसीटीसीत (साध्या भाषेत समुपदेशन आणि तपासणी केंद्र, तिथे टेस्ट फुकट होते) निदानासाठी तीन वेगवेगळ्या किट वापरतात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात, निकाल जुळले नाहीत आणि नक्की ठरवता आलं नाही तर काही आठवड्यांनी परत रक्त घेतात. खाजगी लॅबचा एकच रिपोर्ट हातात घेऊन लोक खचून जातात, ते बघवत नाही.

उलटी बाजू विंडो पिरियडची, म्हणजे लागण झालीय पण टेस्टमध्ये दिसत नाही अशा काळाची. लागण झाल्यावर अँटिबॉडी दिसायला साधारण ३ ते १२ आठवडे लागतात, तोवर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून धोका घडल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. चौथ्या पिढीच्या किट पी-२४ हे व्हायरसचं प्रथिनही पकडतात म्हणून त्यांना लवकर कळतं.

पॉझिटिव्ह आईच्या बाळाला ही टेस्ट लावून उपयोग नाही, आईच्या अँटिबॉडीज बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर म्हणजे थेट व्हायरसच शोधणारी टेस्ट करतात.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माणसाची संमती घेतल्याशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. शंका असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.