छायाचित्रकारांवरील जुने माहितीपट
नामवंत छायाचित्रकारांचे जीवन, कार्यपद्धती आणि छायाचित्रे यांचे दर्शन घडविणारा माहितीपटाचा एक प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर, प्रामुख्याने अमेरिकेत, तो आकाराला आला.

आरंभीची महत्त्वाची कृती म्हणजे विलर्ड व्हॅन डाइक यांचा ‘द फोटोग्राफर’ (१९४८). त्याचे नायक एडवर्ड वेस्टन हे व्हॅन डाइक यांचे गुरू; १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एफ/६४’ या छायाचित्रकारांच्या गटात दोघेही होते. वेस्टन यांना तेव्हा कंपवाताने ग्रासले होते आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॉइंट लोबॉस येथील त्यांची अखेरची छायाचित्रेही १९४८ चीच आहेत. ८×१० इंची कॅमेऱ्यावर काम करणारा हा कलावंत हात थांबण्यापूर्वी पडद्यावर टिपला गेला, हे या चित्रपटाचे खरे मोल.

स्थिर छायाचित्रावरून कॅमेरा सरकवत नेऊन त्यात गती आणण्याच्या तंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. आज ते अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र बर्न्स स्वतः कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’चे (१९५७) ऋण मानतात. कॉलिन लो व वोल्फ कोनिग यांनी कॅनडातील क्लोंडाइकच्या सोनेशोधाची जुनी छायाचित्रे त्यात वापरली. कॅमेऱ्याची ही चाल आखण्यासाठी रोमन क्रॉइटर यांनी खास उपकरण बनविले होते. तथापि लुई क्लाइड स्टूमेन यांचे ‘द नेकेड आय’ आणि ‘द ट्रू स्टोरी ऑफ द सिव्हिल वॉर’ हे याच तंत्राचे दोन्ही चित्रपट त्याआधीचे, १९५६ चे आहेत. त्यांपैकी दुसऱ्याला लघुमाहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्याही आधी, १९४० च्या सुमारास, इटलीत लुचानो एम्मर यांनी चित्रकार जॉत्तोची भित्तिचित्रे छायाचित्रांवरून चित्रित केली होती आणि फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा चित्रकारावरील ‘व्हॅन गॉग’ १९४८ मध्ये आला. तंत्र चित्रकलेवरील चित्रपटांतून छायाचित्रणाकडे आले, हे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

या तंत्राची एक गंभीर मर्यादा आहे. पडद्याची चौकट आडवी. उभे छायाचित्र तिच्यात तुकड्यातुकड्यांनीच दिसते आणि छायाचित्रकाराने ठरविलेली मूळ चौकट मोडते. शिवाय चित्रपटाच्या १६ मिमी. रुंदीच्या फिल्मवरील प्रतींत करड्या छटांचे बारकावे हरपतात. वेस्टन यांच्यासारख्यांच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे, कारण त्या छटा हाच त्यांच्या कलेचा गाभा होता.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्यावरील १९५८ च्या लघुपटाची संहिता नॅन्सी न्यूहॉल यांची आहे. डोरोथिया लँग यांच्यावरील दोन दूरचित्रवाणीपट १९६५ च्या आसपासचे. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्या निवर्तल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील आपल्या प्रदर्शनासाठी छायाचित्रे निवडताना त्या यात दिसतात. आपल्याच कामाकडे इतक्या कठोरपणे पाहणारा कलावंत पडद्यावर क्वचितच भेटतो. जॉन कॉर्टी यांनी इमोजेन कनिंगहॅम यांच्यावर केलेला लघुपट १९७० च्या सुमाराचा आहे. यूरोपीय छायाचित्रकारांना बीबीसीच्या ‘मास्टर फोटोग्राफर्स’ (१९८३) या मालिकेत स्थान मिळाले. तीत बिल ब्रँट, आंद्रे केर्तेश व झाक-आंरी लार्तिग यांच्या मुलाखती आहेत.