क्रँक चोवीस इंचांवर: गॅसर गाड्यांमागचा नियमांचा इतिहास

जमिनीपासून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मध्यापर्यंत जास्तीत जास्त २४ इंच. इंजिन त्याहून वर बसलेलं दिसलं की तपासनीस गाडी परत पाठवायचा. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींच्या, संघटनेच्या नियमपुस्तकातली ही एक ओळ. साठच्या दशकातल्या गॅसर गाड्यांची सगळी ऐट या एका ओळीच्या अलीकडे मावलेली आहे. नाक वर, शेपूट खाली, पुढे सायकलीसारखी बारीक चाकं आणि मागे रुंद गुळगुळीत टायर. आज अशी गाडी नव्याने बांधणारे फोटो बघून बांधतात आणि बऱ्याचदा नाक एवढं उचलतात, की १९६३ साली ती गाडी वजनकाट्यापर्यंतही पोचली नसती. फोटोत गाडीचा आव दिसतो. तो कशामुळे आला ते कळत नाही. ते नियमांत शोधावं लागतं.

आधी नावाचा उलगडा करू. आपल्याकडे गॅसवर चालणारी गाडी म्हटलं की डिकीतली सीएनजीची टाकी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे गॅसोलीन, आपलं पंपावरचं पेट्रोल. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांत अल्कोहोल आणि नायट्रोमिथेनही जाळलं जायचं. ज्या गटात फक्त पेट्रोल चालायचं तो गॅस गट, आणि त्यातली गाडी गॅसर. १९५७ मध्ये एनएचआरएने आपल्या शर्यतींतून नायट्रोवर बंदीच घातली. ती साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, आणि त्या वर्षांत पेट्रोलच्या गाड्यांकडे प्रेक्षकांचं लक्ष आपोआप वळलं.

मुळात या गटाची कल्पना अगदी घरगुती होती. दुसऱ्या महायुद्धाआधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या मोकळ्या करून म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवत होती. युद्धानंतर पोरं वाढली, पैसा वाढला आणि शर्यती गावातल्या रस्त्यांवर आल्या. पोलीस वैतागले, वर्तमानपत्रं ओरडू लागली. तोडगा निघाला तो विमानतळांच्या धावपट्ट्यांवर. १९५० मध्ये सांता आना इथल्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट यांनी पैसे घेऊन नियमित शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए काढली. हेतू उघड होता: पोरांना रस्त्यावरून उचलायचं आणि पाव मैलाच्या सरळ पट्टीवर, तपासणी करून, पळू द्यायचं. पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर. आपल्या शंकरपटासारखंच, वळण नाही, फक्त सरळ आणि काही सेकंदांत निकाल. १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीही युद्धकाळातल्या विमानतळावर. पावसाने तिचा असा विचका केला, की अंतिम फेऱ्या पुढे ॲरिझोनात नेऊन उरकाव्या लागल्या.

तर गॅस गट हा त्या मुलासाठी होता, जो आठवडाभर त्याच गाडीने कामावर जाणार आणि रविवारी तीच गाडी पट्टीवर आणणार. म्हणून गाडीला चारही मडगार्ड हवेत, दिवे हवेत, आत बसायला नीट सीट हवी, पूर्ण बॉडी हवी. मडगार्ड काढून टाकायची हौस असेल तर ‘अल्टर्ड’ नावाचा वेगळा गट होता. गंमत अशी, की पुढे कोणीही शहाणा माणूस रस्त्यावर नेणार नाही अशा गाड्या याच गटात उतरल्या, पण मडगार्ड आणि दिवे मात्र शेवटपर्यंत राहिले. गॅसर ‘गाडीसारखी’ दिसते ती यामुळे. बाकी यंत्र राक्षसी, पण अंगावर कपडे पूर्ण.

एका गटात सगळ्यांना कोंबलं असतं तर मोठ्या इंजिनवाल्यानेच नेहमी बाजी मारली असती. म्हणून हिशोब वजनाचा. गाडीचं वजन पौंडांत घ्यायचं आणि त्याला इंजिनच्या घनइंचांनी भागायचं. २,४०० पौंडांच्या गाडीत ४०० घनइंचांचं, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचं इंजिन असेल तर दर घनइंचामागे ६ पौंड. ३,२०० पौंडांच्या शेव्हरोलेत २६५ घनइंचांचं इंजिन असेल तर १२ पौंडांच्या किंचित वर. आकडा जितका लहान तितका गट वरचा: आधी ए, मग बी, सी, डी असं खाली. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, लावला तर नावापुढे एस जोडून वेगळा गट. सीमारेषा वर्षागणिक थोड्या सरकायच्या, पण भागाकार तोच.

हा भागाकार दिसतो साधा, पण त्याने गॅरेजमधल्या माणसांना वेड लावलं. कोणी इंजिन मुद्दाम लहान करून खालच्या गटात जायचा आणि तिथे दादा व्हायचा. कोणी मडगार्ड, बोनेट फायबरग्लासचं करून वजन उतरवायचा. बॅटरी पुढून उचलून डिकीत जायची, तीही बहुतेक उजव्या मागच्या चाकाजवळ. इंजिनचा पीळ मागच्या ॲक्सलवर येतो तेव्हा उजवं चाक हलकं होतं, म्हणून वजन तिकडे. वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं, आणि नियमकर्त्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणूनच इंजिन मागे सरकवण्यावर बंधन होतं: दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या १० टक्क्यांपर्यंत. १९५५ च्या शेव्हरोलेचं ते अंतर ११५ इंच, म्हणजे साडेअकरा इंचांची सवलत. अल्टर्ड गटाला २५ टक्के मिळायचे. गॅसरवाल्यांनी हा फरक जन्मभर कुरकुरत सोसला.

मग मागे सरकवता येत नसेल तर वर उचला! नाक वर करण्यामागचं कारण एवढंच. बैलगाडीत मागे जास्त भरलं आणि धुऱ्या वर उठल्या की आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. ड्रॅग पट्टीवर प्रत्येक गाडीला क्षणभर उलाळ व्हायचंच असतं. क्लच सोडताक्षणी गाडी पुढे झेपावते आणि भार मागच्या चाकांवर जातो. भाराचा मध्य जितका उंच आणि दोन ॲक्सलमधलं अंतर जितकं कमी, तितका जास्त भार मागे. आणि त्याची गरज होती, कारण पन्नाशीच्या शेवटी मिळणारे टायर अरुंद आणि कडक होते. ताकद भरपूर, पकड शून्य. गाडी जागेवर धूर काढत राहायची आणि शेजारचा निघून जायचा. इंजिन उंच बसवून निसर्गाकडून थोडी पकड उसनी घ्यायची, ही त्यावरची युक्ती. ती हाताबाहेर जाऊ नये, गाडी उलथू नये, म्हणून नियमात २४ इंच.

पुढचा सरळ ॲक्सल हा दुसरा गैरसमजाचा विषय. आजचे काही बांधणारे त्याला गॅसरचं जानवं समजतात. खरं तर सुरुवातीच्या कित्येक गॅसर मूळच्याच पुढच्या सस्पेन्शनवर पळत. सरळ ॲक्सल आला तो स्वस्त, हलका आणि सोपा म्हणून. शेव्हरोलेसारख्या गाडीचं स्वतंत्र सस्पेन्शन जड असायचं. ते काढून ट्रकसारखा आडवा ॲक्सल आणि दोन पाटे टाकले की वजन उतरलं, उंची मिळाली आणि इंजिनच्या धुराचे पाइप मडगार्डच्या पोकळीतून सरळ बाहेर काढायला जागाही झाली. साठच्या दशकात फोर्डच्या इकॉनोलाइन व्हॅनचा ॲक्सल भंगारात सहज मिळायचा, म्हणून तो अनेकांच्या गाडीखाली गेला. तेव्हा जे भंगारातून उचललं जायचं, तेच आज ‘अस्सल’ म्हणून मागाल त्या भावाने विकलं जातं.

या सगळ्या हिशोबात एक गाडी फारच सोयीची निघाली: विलीज. टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीची १९३३ पासून १९४१-४२ पर्यंतची छोटी दोन दारांची कूपे. आपल्याला विलीज माहीत आहे ती जीपमुळे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला जुळवायला घेतली तीच ही विलीज. जीपच्या आधी याच कंपनीने गरिबाची गाडी म्हणून या कूपे विकल्या होत्या. दोन ॲक्सलमधलं अंतर १०० इंचांच्या आसपास, वजन कमी, आणि पन्नाशीत कोणी विचारत नव्हतं म्हणून किंमत नगण्य. तिच्या पोटात ओल्ड्समोबिलचं इंजिन किंवा क्रायस्लरचं ‘हेमी’ नावाचं ताकदवान इंजिन बसवलं की भागाकार एकदम खाली. इंग्लंडहून आलेल्या फोर्ड अँग्लिया आणि ऑस्टिन तर त्याहून आखूड, त्यामुळे त्याही या रांगेत आल्या.

इथून पुढे गॅस गटाचा घरगुतीपणा संपतो. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनवरचा ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, ज्याला ६-७१ म्हणतात (सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच), तो पेट्रोल इंजिनच्या डोक्यावर चढला. लॉस एंजेलिसचे फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स हे दोन कृष्णवर्णीय मालक आणि डग कुक हा गोरा चालक, यांच्या निळ्या विलीजचं नाव होतं ‘स्विंडलर’, म्हणजे सरळ सरळ ठग. समोर ‘बिग जॉन’ मझमानियनची लालभडक १९४१ विलीज, के. एस. पिटमन, आणि ओहायोतल्या डेटनचा जॉर्ज मॉन्टगोमरी, ज्याला सगळे ओहायो जॉर्ज म्हणत. त्यांची भांडणं पट्टीवर जेवढी झाली तेवढीच जाहिरातींत. इस्केंडेरियन आणि एंगल यांसारखे कॅमशाफ्ट बनवणारे आपापल्या गिऱ्हाइकाच्या विजयाची आणि दुसऱ्याच्या नाचक्कीची जाहिरात ‘ड्रॅग न्यूज’ या पत्रात दर आठवड्याला छापत. दोन पैलवानांपेक्षा त्यांच्या वस्तादांनीच जास्त दंड थोपटावेत, तसा प्रकार.

या सुपरचार्ज्ड विलीजपैकी अनेकांत हाताचा गिअर नव्हता. बी अँड एम या कंपनीने सुधारलेला हायड्रामॅटिक, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर बॉक्स होता. कारण पुन्हा पकड: क्लचचा दणका टायरला झेपायचा नाही, ऑटोमॅटिकचा झेपायचा. ‘खरी गॅसर म्हणजे चार गिअरचा दांडा’ असं आज छातीठोकपणे सांगणाऱ्यांना ही गोष्ट पचत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दांडा ओढतानाचा फोटो चांगला येतो.

उतार मात्र झपाट्याने आला. टायर रुंद आणि मऊ झाले, पकड टायरमधूनच मिळू लागली आणि नाक वर ठेवायचं कारणच उरलं नाही. वेग वाढल्यावर उंच गाडीखाली हवा शिरू लागली. १९६५-६६ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांच्या पाठबळावर ‘फनी कार’ आल्या. प्रेक्षकांना शोरूममध्ये दिसणाऱ्या गाडीची नक्कल तिच्यात दिसायची. १९३३ च्या विलीजमध्ये काय दिसणार? १९६७ मध्ये ओहायो जॉर्जने विलीज सोडून फोर्डची मस्टँग घेतली. स्टोन-वुड्स-कुकही मस्टँगवर गेले, आणि त्याच वर्षी त्या गाडीला झालेल्या अपघातात डग कुक एवढा जखमी झाला, की त्याचं शर्यतींचं आयुष्य संपलं. १९७० मध्ये शोरूमच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांचा प्रो स्टॉक गट आला. पुढे गॅस गट एकेक करून मिटले.

आज अमेरिकेत जुन्या नियमांवर गॅसर पळवणाऱ्या अनेक मंडळ्या आहेत. दक्षिणेकडची साउथईस्ट गॅसर्स असोसिएशन त्यांतली चांगलीच नावाजलेली. तिथे गाडीच्या मॉडेलसाठी १९६७ ही सीमारेषा. संगणकाने चालणारं इंधन इंजेक्शन नको, डिजिटल डिस्प्ले नको. बारकावे बघणारे तर टायरच्या कडेवरही थांबतात: त्या काळच्या स्लिकला, म्हणजे मागच्या गुळगुळीत टायरला, करंजीच्या मुरडीसारखी किनार असायची, ती आता पुन्हा साच्यातून काढून विकली जाते. हॅलिब्रँडची मॅग्नेशियम चाकं, पुढे डीन मून यांची गोल ॲल्युमिनियमची इंधनाची टाकी, काचेऐवजी रंगीत प्लास्टिक, दारावर सोनेरी वर्खाची अक्षरं. हे सगळं पैसे टाकले की मिळतं. न मिळणारी गोष्ट म्हणजे तो भागाकार. आधी गट ठरवायचा, मग इंजिन, मग वजन, आणि मग उरलेल्या जागेत गाडी. तेव्हाचे लोक या क्रमाने बांधायचे. आजचा हौशी माणूस आधी रंग ठरवतो.

जुनेपणाची अट एकाच ठिकाणी सगळेजण मुकाट्याने मोडतात. तेव्हा चालकाच्या डोक्यामागे एक वाकवलेला पाइप असला की पुरे. क्लचची चकती फुटून पोलादाचे तुकडे फरशी भेदून वर यायचे, त्यात पाय गेलेले लोक आहेत. त्यासाठी क्लचभोवती जाड पोलादी कवच सक्तीचं झालं. आज १९४१ च्या बॉडीत पूर्ण पिंजरा असतो, बहुतेक काळ्या रंगात, आतल्या अंधारात दिसू नये म्हणून. आणि चालकाला बांधणाऱ्या पट्ट्यांवर उत्पादनाची तारीख छापलेली असते. बाकी गाडी कितीही साठ सालची असो, पट्टा दोन वर्षांहून जुना निघाला तर तपासनीस ती पट्टीवर सोडत नाही.