एसयूव्ही उंच म्हणून डिकी मोठी?

'एसयूव्ही उंच, म्हणून सामान वॅगनपेक्षा जास्त बसतं' हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. (वॅगन म्हणजे कारइतकीच बुटकी, पण छत मागच्या टोकापर्यंत नेलेली लांब डिकीची गाडी.) बघून तसं वाटतंच म्हणा. पण क्रॉसओव्हरची, म्हणजे साध्या कारच्या सांगाड्यावर बांधलेल्या एसयूव्हीची, बरीचशी उंची ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या तळातलं अंतर) आणि उंच सीटमधेच जाते, डिकीचा फ्लोअरही वर चढतो, त्यात मागची काच तिरकी असेल तर वरचा कोपराही गेला. वॅगनचा फ्लोअर खाली आणि लांब, त्यामुळे बऱ्याचदा तीच बरोबरीत किंवा पुढे असते. ब्रोशरमधले डिकीचे लिटर खिडकीच्या कडेपर्यंतचे की छतापर्यंतचे ते आधी बघा, खरी गंमत तिथेच आहे. सरळ टेप घेऊन जा, सीट पाडून फ्लोअरची लांबी, चाकांच्या कमानींमधली रुंदी, डिकीच्या काठाची जमिनीपासूनची उंची मोजा आणि बाबागाडी प्रत्यक्ष ठेवूनच बघा. हां, गुडघे दुखणाऱ्यांना चढायला-उतरायला उंच गाडी खरंच बरी पडते.