लैंगिक संसर्गाच्या तपासणीसाठी तरुणांची तयारी

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी करून घ्यायला साधारण १५ ते २५ वयोगटातील व्यक्ती कितपत राजी असतात, हा सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य-मानसशास्त्र या दोन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटात क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनियासिस या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांची मिळून सुमारे ३७.४ कोटी नवी प्रकरणे घडली. क्लॅमिडिया आणि परमा यांचे प्रमाण तरुण वयातच अधिक आढळते.

क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना आणि अनेक पुरुषांना काहीच त्रास जाणवत नाही. त्रास नाही म्हणजे आजार नाही, हा समज म्हणूनच महागात पडतो. उपचार न झाल्यास स्त्रियांमध्ये संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोहोचू शकतो. पुढे वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेर गर्भ राहण्याचा धोका वाढतो. वेळेत निदान झाले तर मात्र डॉक्सिसायक्लिनचा सात दिवसांचा कोर्स सहसा पुरतो.

तरीही तरुण मागे राहतात. ओळखीचे कोणी पाहील, निरोप किंवा बिल घरच्यांच्या हाती पडेल, डॉक्टर चारित्र्यावर बोट ठेवतील, जोडीदाराला सांगावे लागेल, अशा धास्तीचा त्यात मोठा वाटा असतो. याला तरुणांचा बेफिकीरपणा म्हणणे अन्यायाचे आहे. खिडकीपाशी रांगेत उभे करून ‘कशासाठी आलात?’ असे मोठ्याने विचारले जात असेल, तर दोष त्या व्यवस्थेचा आहे.

तपासणी दुखते, ही भीतीही अनेकांना असते. प्रत्यक्षात क्लॅमिडिया आणि परमा यांसाठी पुरुषांना बहुधा लघवीचा नमुना द्यावा लागतो. त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी आणि मधली नव्हे, तर पहिली धार घ्यायची असते, कारण मूत्रमार्गातील जंतूंचा अंश तिच्यात अधिक उतरतो. स्त्रिया योनीतील स्वॅब स्वतः घेऊ शकतात. जंतूंची जनुकीय सामग्री शोधणाऱ्या आधुनिक चाचणीत तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो. उपदंश आणि एचआयव्हीसाठी मात्र सहसा रक्त द्यावे लागते.

इच्छा आणि कृती यांतील अंतर हा या विषयाचा गाभा आहे. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्या कृतीबद्दलचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ‘हे मला जमेल’ हा विश्वास. पण प्रश्नावलीत ‘हो’ लिहिणारा प्रत्येकजण केंद्रात पोहोचत नाही. त्यामुळे केवळ होकार मोजून काढलेले निष्कर्ष सावधपणे वाचायला हवेत.

इतर कारणासाठी आलेल्या तरुणालाही नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून चाचणी सुचवली, तर आपल्यावरच संशय घेतला जातोय असे त्याला वाटत नाही आणि होकार देणे सोपे जाते. घरी नमुना घेण्याच्या संचामुळे संकोच टळतो, पण काही वेळा नमुना परत पाठवायचा राहून जातो. इंग्लंडने २००३ साली २५ वर्षांखालील तरुणांसाठी राष्ट्रीय क्लॅमिडिया तपासणी कार्यक्रम सुरू केला आणि ही चाचणी विशेष दवाखान्यांबाहेर नेली. २०२१ मध्ये त्याचा भर तरुण स्त्रियांवर आणि उपचाराअभावी होणारी हानी टाळण्यावर आणला गेला.

तयारी दाखवलेल्या व्यक्तीला योग्य वेळ आणि योग्य नमुना सांगणे तितकेच गरजेचे असते. संबंधानंतर लगेच केलेली चाचणी संसर्ग असूनही निर्दोष येऊ शकते; घशातील किंवा गुदद्वारातील संसर्ग लघवीच्या नमुन्यात सापडत नाही. क्लॅमिडिया आढळल्यास जोडीदारावरही उपचार करावे लागतात आणि पुन्हा लागण होण्याची शक्यता लक्षात घेऊन सुमारे तीन महिन्यांनी फेरतपासणीचा सल्ला दिला जातो. पहिल्या वेळी मिळालेली वागणूक ज्याला बोचली, तो या फेरतपासणीला येईलच असे नाही.