ओलांडची स्वायत्तता: सुंडब्लूम कोण आणि ब्यॉर्कमान कोण?

बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरचे लोक स्वीडिश बोलतात, बेटं मात्र फिनलंडची. त्यांच्या स्वायत्ततेबद्दल वाचताना यूलियुस सुंडब्लूम आणि कार्ल ब्यॉर्कमान ही नावं कायम जोडीनं येतात आणि कोणी काय केलं याचा घोळ होतो. दोघं एकाच चळवळीचे पुढारी. जून १९२० मध्ये फिनलंड सरकारनं राजद्रोहाच्या आरोपाखाली दोघांनाही पकडलं. दोन वर्षांनी दोघंही नव्या कारभारात मोठ्या पदांवर बसले.

सुंडब्लूम हे पत्रकार. १८९१ मध्ये त्यांनी ‘ओलांड’ हे वृत्तपत्र सुरू केलं होतं, त्यामुळे चळवळीचा आवाज म्हटलं की आधी तेच आठवतात.

दोघांनाही ‘स्वायत्ततेचे जनक’ म्हणतात तेव्हा एक गोष्ट हमखास गाळली जाते. त्यांना स्वायत्तता नकोच होती! १९१७ पासूनची मागणी होती स्वीडनमध्ये जाण्याची. मे १९२० मध्ये फिनलंडनं स्वायत्ततेचा कायदा केला, तो ओलांडवासीयांनी नाकारला आणि त्यानंतर महिनाभरातच ही अटक झाली. त्यावर स्वीडननं जोरदार हरकत घेतली, तर ब्रिटननं प्रश्न राष्ट्रसंघापुढे (तेव्हाची ‘लीग ऑफ नेशन्स’) नेला. जून १९२१ चा निकाल असा: बेटं फिनलंडकडेच राहतील, पण शाळेतली स्वीडिश भाषा आणि जमिनीची मालकी यांना हमी मिळेल. माझ्या मते या दोघांचं खरं मोठेपण इथून पुढे दिसतं. जे नाकारलं होतं, तेच त्यांनी चालवून दाखवलं.

कामाची वाटणी मात्र अगदी वेगळी. ९ जून १९२२ ला प्रांतिक विधिमंडळ पहिल्यांदा भरलं. सुंडब्लूम त्याचे अध्यक्ष झाले आणि १९४५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्या खुर्चीवर राहिले. ब्यॉर्कमान १९२२ ते १९३८ प्रांतिक सरकारचे प्रमुख होते. आपल्याकडच्या हिशेबानं एक विधानसभेचे अध्यक्ष, दुसरे मुख्यमंत्री.

पण तेवढ्यावर थांबलात तर फसाल. ओलांडमधलं अध्यक्षपद नुसतं सभागृह सांभाळण्याचं नाही. १९२१ च्या हमीनुसार हेलसिंकीहून नेमला जाणारा राज्यपाल विधिमंडळाच्या अध्यक्षाच्या संमतीनं ठरवायचा, आणि एकमत झालं नाही तर विधिमंडळानं सुचवलेल्या पाच नावांमधून निवडायचा. म्हणजे राजद्रोहाच्या आरोपाखाली ज्याला पकडलं, त्याचाच होकार आता फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षाला घ्यावा लागणार होता. ब्यॉर्कमान यांच्याकडे हा अधिकार नव्हता. त्यांच्याकडे होता रोजचा कारभार.