मृत्युपत्र व वैद्यकीय इच्छापत्र (गोवा)

मरणोत्तर संपत्ती, अखेरचे उपचार आणि देखभाल यांविषयी हयातीत करून ठेवायचे दस्तऐवज. गोव्यात या तिन्हींचे कायदे वेगळे आहेत, म्हणून एकाच कागदावर सारे लिहून भागत नाही.

मृत्युपत्राचे नियम मुळात ज्या पोर्तुगीज नागरी संहितेतले, ती गोव्यात कधी आली, याबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक १८६७ साल देतात. पण १ जुलै १८६७ ही मंजुरीची तारीख होय. १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकुमाने ती सागरपार प्रांतांना लावली गेली आणि १ जुलै १८७० पासून अमलात आली. गोव्यापुरते १८७० धरणे सयुक्तिक दिसते. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या, तेव्हा ‘समान नागरी कायदा’ हे बिरुद जरा जपूनच वापरावे. १९६२ च्या प्रशासन कायद्याने हे कायदे चालू ठेवले. ते परकीय की भारतीय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘भारतीय’ असा निकाली काढला. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात असून तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे.

सामाईक मालमत्तेच्या विवाहात निम्मी मालमत्ता जोडीदाराची असते. उरलेल्यातही मुले वा आईवडील हयात असता निम्माच भाग मृत्युपत्राने देता येतो. मूळ संहितेत ही मोकळीक एक तृतीयांश होती. १९१० मध्ये ती निम्मी झाली. म्हणूनच ‘सगळे धाकट्याला’ असे मृत्युपत्र इथे पुरते टिकत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. गोव्यात सहसा नोटरीपुढे जावे लागते. विशेष नोटरीचे काम सब-रजिस्ट्रार पाहतो. उघडे मृत्युपत्र तो आपल्या वहीत लिहून घेतो व वाचून दाखवतो. बंद मृत्युपत्राचा कागद जुन्या रीतीने दोऱ्याने शिवून लाखेने मोहोरबंद केला जाई.

वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या लिव्हिंग विलला, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता मिळाली. सुरुवातीला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. त्यात निर्णय घेणाऱ्या नातलगांची नावे असावीत, आणि एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांचे मत लागते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत ते द्यावे, अशी अपेक्षा आहे. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी असे पत्र केले. राज्यातील ते पहिले मानले जाते.

पालकत्वासाठी जुन्या संहितेत पाच नातलगांचे कुटुंब-मंडळ असे: वडिलांकडचे तीन, आईकडचे दोन. आज स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी इत्यादींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची स्थानिक समिती पालक नेमते. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने आगाऊ निर्देश देऊन प्रतिनिधी नेमता येतो. मुखत्यारपत्र मात्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट होताच संपते, त्यामुळे कोमातील रुग्णाच्या बँक खात्यासाठी नातलगांना उच्च न्यायालय गाठावे लागते.